योगा म्हणजे बाबा चिडलेत

‘मॅडम, योगाच्या क्लासला घालून चार महिने झाले, पण काही फरकच नाही.’ हे वाक्य मी इतक्या पालकांकडून ऐकलंय की, पुढचा प्रश्न मला पाठ झालाय: ‘अजून किती दिवस लागतील?’ कुणाचं मूल एका जागी बसत नाही, कुणाचं क्षुल्लक कारणानं चिडतं, कुणाचं परीक्षा जवळ आली की पोट दुखतं. 2015 पासून 21 जूनला शाळाशाळांतून योगदिन होऊ लागला, तेव्हापासून या तक्रारींवर ‘योगा’ हाच पहिला उपाय सुचवला जातो. (‘योगा’ नव्हे, ‘योग’, असं मी पूर्वी दुरुस्त करायचे. आता सोडून दिलंय.)

परवा पुन्हा तोच प्रश्न आला आणि एक जुनी केस आठवली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगी नऊ वर्षांची. वडील रोज पहाटे उठून बारा सूर्यनमस्कार घालणारे. ‘मॅडम, हिला तीन घालायला सांगितले तरी डोळ्यांत पाणी. आणि राग तर असा, की दारं आपटते.’ हे सांगताना ते खुर्चीत अगदी ताठ बसले होते. मुलगी पायानं टेबलाला ठोके देत होती.

त्यांना बाहेर बसायला सांगून मी तिला विचारलं, ‘योगा म्हणजे काय गं?’

तिनं क्षणभरही विचार केला नाही. ‘योगा म्हणजे बाबा चिडलेत.’

‘म्हणजे?’

‘मी मोठ्यानं बोलले की वज्रासन. दार आपटलं की दहा दीर्घ श्वास. रडले की डोळे मिटून बस.’

मला तिथंच अर्धी केस उलगडली. पूर्वी अंगठे धरून उभं करायचे, आता वज्रासनात बसवतात. मुलाच्या लेखी दोन्ही शिक्षाच. शरीर एकदा अशा शिक्षेशी जोडलं गेलं की मूल शरीराकडे लक्ष देणंच टाळतं. दहा वर्षांच्या आतली बरीच मुलं ‘मला भीती वाटते’ असं म्हणत नाहीत, ‘पोट दुखतंय’ म्हणतात. भावना त्यांना आधी अंगात कळते, शब्द नंतर सापडतो. योगानं मुलाला काही द्यायचं असेल तर ती आतली चाहूल ओळखायची सवय. आपण मात्र आपल्याला घरात शांतता हवी म्हणून त्याला गप्प बसवतो.

मधल्या तीन-चार भेटी खेळण्यात गेल्या. मांजर झालो, सिंह होऊन जीभ काढली, पाठीवर झोपून पोटावर उशी ठेवली आणि ती वरखाली होताना पाहिली. राग आल्यावर काय करायचं, याबद्दल मी एक अक्षर काढलं नाही. पाचव्या भेटीला वडिलांना आत बोलावलं आणि तिला म्हटलं, ‘आज तू यांना वृक्षासन शिकव.’

ते मनाविरुद्धच उभे राहिले. एक पाय वर, हात जोडलेले, जबडा आवळलेला. ती त्यांच्याभोवती एक फेरी मारून आली, पोटाशी वाकून पाहिलं आणि म्हणाली, ‘बाबा, तू श्वास का धरलायस?’

त्यांचा पाय खाली आला. हसतील असं मला वाटलं होतं, पण ते खाली बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘मी ऑफिसातही असाच असतो.’ ती त्यांच्या मांडीला टेकून बसली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत मला जमलेली एक गोष्ट सांगायची तर ती हीच: अशा वेळी मी बोलत नाही.

पतंजलींनी आसनाची व्याख्या दोनच शब्दांत केली आहे, ‘स्थिरसुखम् आसनम्’. आपण ‘स्थिर’ तेवढं उचलतो आणि ‘सुख’ मुलांसाठी शिल्लकच ठेवत नाही. त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट पक्की कळली. लहान मूल एकटं शांत होत नाही, ते शांत माणसाच्या शेजारी शांत होतं. म्हणून ‘जा, श्वास घे’ याचा उपयोग नसतो. ‘ये, दोघं मिळून घेऊ’ याचा असतो.

मग घरी काय करायचं? रोज पाच-सात मिनिटं पुरेत, पण मूल आनंदात असताना. पोहणं कुणी बुडत असताना शिकवत नाही. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून भर सावकाश सोडण्यावर असावा. भ्रामरीत, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणताना, उच्छ्वास आपोआप लांबतो, आणि मुलांना भुंगा व्हायला आवडतं. लहान मुलांना श्वास रोखून धरायला लावू नका, शीर्षासनाची हौसही नको. डोळे मिटायची सक्ती करू नका, काही मुलांना मिटल्या डोळ्यांनी अधिक भीती वाटते. आणि किती वेळ बसला, किती वाकला, हे मोजू नका. आसनानंतर ‘आता अंगात कुठं काय वाटतंय?’ एवढंच विचारा. ‘काहीच नाही’ हे उत्तरही चालेल.

एक मात्र स्पष्ट सांगते. पोटदुखी, झोप उडणं, शाळेत जायला नकार हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. दम्याचं औषध प्राणायामाच्या भरवशावर बंद करू नका.

त्या मुलीचा राग गेला नाही, जाऊही नये. दोनेक महिन्यांनी ती म्हणाली, ‘राग यायच्या आधी माझे कान गरम होतात.’ ‘मग तू काय करतेस?’ ‘कधी कधी दार आपटते. कधी कधी गच्चीत जाऊन भुंगा होते.’

शेवटच्या भेटीत वडिलांनी निघताना, जरा चाचरतच, विचारलं, ‘मग सूर्यनमस्कार पुन्हा कधी सुरू करू या?’

चपला घालता घालता ती म्हणाली, ‘तू घाल ना बाबा. मी मोजते.’