कामगार कायद्याच्या अभ्यासाला लागणार असशील तर

पहिलं वर्ष कलमं घोकण्यात घालवू नकोस, आधी अपघातांचे खटले वाच. १९११ साली न्यूयॉर्कमधल्या ट्रायँगल कारखान्याला आग लागली आणि १४६ जण गेले. बाहेर पडायच्या एका दाराला कुलूप होतं. तरी मालक निर्दोष सुटले, कारण त्या वेळी कुलूप आहे हे त्यांना ठाऊक होतं, असं सिद्ध झालं नाही. मला हा निकाल आजही बोचतो. आता त्याच्या शेजारी ब्रिटनचा कामाच्या ठिकाणच्या आरोग्य आणि सुरक्षेचा १९७४ चा कायदा ठेव. रास्तपणे शक्य तेवढी काळजी घेतली, हे तिथे मालकाने सिद्ध करायचं असतं. पुराव्याचा भार कोणावर, या एका प्रश्नावर तुझी कितीतरी वर्षं सार्थकी लागतील.

आणि कारखान्यात जा, परवानगी मिळेल तिथे. यंत्राचं संरक्षक झाकण काढून ठेवलेलं दिसलं की कामगाराला निष्काळजी ठरवायची घाई नको. मजुरी कशी मिळते ते विचार. नगावर असेल तर झाकणामुळे जाणारा प्रत्येक क्षण त्याच्या पगारातून जातो. म्हणून वेतनाचा कायदा आणि सुरक्षेचा कायदा वेगवेगळे शिकू नकोस.