मुलगी कबड्डी खेळते, बीएस्सीही करायची आहे. जळगाव-धुळ्याकडे कॉलेज कसं निवडावं?

आधी मनातली एक भीती काढा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली येतात. त्यामुळे कॉलेज लहान असलं तरी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाच्या संघाची निवड होते, आणि तिथून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाता येतं. नावाला भुलू नका.

एखाद्या साध्या दिवशी सकाळी सहाला, न सांगता, मैदानावर जा. पोरी सराव करताहेत की नुसत्या जाळ्या बांधून ठेवल्यात, ते तिथंच कळतं. प्राचार्यांच्या केबिनमधल्या ढाली बघाल तर त्यावरची सालंही वाचा. बऱ्याचदा शेवटची ढाल दहा-बारा वर्षांपूर्वीची निघते!

बीएस्सीत खरी अडचण प्रॅक्टिकलची. मी स्वतः खो-खोच्या स्पर्धेहून आलो तर केमिस्ट्रीची दोन प्रॅक्टिकल बुडालेली आणि जर्नलवर सही द्यायला कुणी तयार नाही. क्रीडा शिक्षक म्हणाले, "डिपार्टमेंटचं तुम्हीच बघा." म्हणून प्रवेशाआधी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या खेळाडू मुलीला गाठा आणि विचारा: स्पर्धेचे दिवस हजेरीत धरतात का, बुडालेलं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचसोबत करू देतात का?

अमळनेर-धरणगावकडून रोज रेल्वेनं जळगावला येणार असेल तर पहाटेचा सराव विसरा. होस्टेल बघा, नाहीतर घराजवळचं कॉलेज घ्या.