एकटं जायचंय ना सातपुड्यात? मग आधी पाण्याचा हिशोब कर

प्रश्न : काका, मी चोपड्याचा, वय २३. अलास्काच्या जंगलात एकटा राहायला गेलेल्या त्या पोरावरचा सिनेमा पाहिला तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. मे महिन्यात चार दिवस यावलच्या जंगलात एकट्यानेच जायचं ठरवलंय. तंबू घेतलाय, बाकी बघून घेऊ. घरचे जाऊ देणार नाहीत, म्हणून मित्राच्या लग्नाला जातो असं सांगणार आहे. चालेल ना?

उत्तर : नाही रे बाबा, असं नाही चालणार. एकटं जावंसं वाटतं यात चूक काहीच नाही, मलाही वाटायचं, अजून वाटतं. पण तुझं ते "बाकी बघून घेऊ" आणि ते लग्नाचं खोटं, हे दोन्ही वाचून माझ्या पोटात गोळाच आला.

सातपुडा तू केळीच्या बागांतून, खालून बघितला असशील. मे महिन्यात वर जाऊन बघ, साग उघडाबोडका, सालई उघडीबोडकी, नाले कोरडे ठणठणीत, सावलीला झाड शोधत फिरावं लागतं. जळगाव-भुसावळला त्या दिवसांत पारा ४५ च्या वर जातो हे तुला मी काय सांगू. अशा उन्हात चालणाऱ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. दिवसाचे कमीत कमी सहा लिटर धर, चार दिवसांचे चोवीस, म्हणजे नुसतं पाणीच चोवीस किलो झालं, तंबू, भाकरी, कपडे अजून बाकीच आहेत, आणि हे सगळं घेऊन घाट चढायचाय.

माझंच सांगतो. तुझ्याच वयाचा होतो, मे महिनाच होता, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीहून वर पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे एकटाच निघालो, जवळ एक लिटरची बाटली आणि बिस्किटाचा पुडा. पठारावर गुरांच्या वाटा असतात, एकीच्या दहा होतात आणि सगळ्या खऱ्याच वाटतात, त्यात फिरत राहिलो. पाणी साडेअकरालाच संपलं. दीडच्या सुमाराला भर उन्हात अंगावर काटा आला, थंडीत येतो तसा, आणि मला काय वाटलं माहितीये, बरं झालं, गार वाटायला लागलं. घाम यायचा थांबलाय हे लक्षातच आलं नाही. उन्हाने आधी डोकंच जातं, म्हणून आपलं काय होतंय हे आपल्याला कळत नाही, ते कळायला शेजारी दुसरा माणूस लागतो. माझ्या नशिबाने एक गुराखी भेटला. "कथा चालना रे भाऊ?" म्हणाला, म्हणजे कुठे चाललास, मी काहीतरी भलतंच बडबडलो. त्याने धरून कपारीच्या सावलीत बसवलं, ओलं पोतं गुंडाळलेला कॅन काढला, आधी डोक्यावर आणि मानेवर ओतला आणि मग घोट घोट प्यायला दिलं. तो त्या बाजूला आला नसता तर आज हे उत्तर कोण लिहिणार होतं?

आता तुझा तो अलास्कातला पोरगा. ख्रिस्तोफर मॅकँडलेस, वय २४, एप्रिल १९९२ मध्ये आत गेला. शेवटची लिफ्ट देणाऱ्या माणसाने त्याची तयारी बघून स्वतःचे गमबूट त्याला दिले. जुलैत परत निघाला तर येताना सहज ओलांडलेली नदी बर्फाच्या पाण्याने फुगलेली. वळला आणि जंगलात टाकून दिलेल्या ज्या जुन्या बसमध्ये आधी राहत होता तिथेच पुन्हा जाऊन राहिला, ऑगस्टमध्ये तिथेच गेला, उपासमारीने. त्याच नदीवर, एक किलोमीटरच्या आतच, तारेवरून पलीकडे नेणारा हाताने ओढायचा पाळणा होता. त्याच्याकडे नीट नकाशाच नव्हता, त्यामुळे त्याला ते कधी कळलंच नाही. पुढे ती बस बघायला जाताना नदीत दोघी जणी बुडाल्या, एक २०१० मध्ये आणि एक २०१९ मध्ये. शेवटी जून २०२० मध्ये हेलिकॉप्टरने ती बसच उचलून नेली.

आणि अ‍ॅरन राल्स्टन, तो तर मुरलेला गिर्यारोहक. २००३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात एका अरुंद घळीत त्याचा हात दगडाखाली अडकला. कुठे जातोय हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून अडकलेला असताना त्याच्यापर्यंत कोणी पोचलंच नाही, पाच दिवसांनी स्वतःचा हात स्वतः कापून बाहेर यावं लागलं. तू यावलमध्ये पाय मुरगळून पडलास तर तुझी आई तुला लग्नाच्या मांडवात शोधेल.

शिवाय यावल अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत जाणं आणि मुक्काम करणं गुन्हा आहे. अस्वलं आहेत, मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पडतात तेव्हा पहाटे झाडाखालीच असतात, त्यांना नीट दिसत नाही, अचानक समोर गेलास की अंगावर येतात.

जायचंच असेल तर डिसेंबरात जा, पाल गावाला, वन खात्याची परवानगी काढून, पाड्यावरचा जाणता माणूस बरोबर घे, त्याला दिवसाचे पैसे ठरवून दे. पहिल्यांदा एकच दिवस. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेव, वर रेंज नसते, तिथे १०८ आणि ११२ पण लागत नाहीत. शिट्टी, टॉर्च, जास्तीचं पाणी. आणि घरी कागदावर लिहून ठेव, कुठून आत जाणार, कुठून बाहेर येणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला फोन करायचा. आई रागवेल, रागवू दे.

प्रश्न : शेतात आणि रानात एकटीच असते. साप चावल्यावर विष ओढून काढायचा पंप मिळतो म्हणे, घेऊ का? (एक वाचक, पारोळा)

उत्तर : ताई, नका घेऊ, त्याने विष निघत नाही, वेळ मात्र जातो. ब्लेडने कापायचं नाही, दोरी आवळायची नाही. बांगड्या-अंगठ्या काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला नाहीतर काठीला बांधा, हलू देऊ नका, आणि आधी फोन करा, १०८ ला आणि घरी. रेंज नसेल तर रस्त्याकडे हळूहळू चाला, पळू नका. विषावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळतं, साप मारून न्यायची गरज नसते. मण्यार रात्री झोपेत चावते, बऱ्याचदा दुखत नाही, खूणही दिसत नाही, म्हणून मळ्यात खाली झोपत असाल तर खाट आणि मच्छरदाणी घ्या, दाणी नीट खोचून. पहाटे पोट दुखून पापण्या जड झाल्या तर सकाळची वाट बघू नका.