अंडं चालतं का, ते आधी सांग

प्रश्न : ताई, हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा झालाय. इटलीत बोलोन्याला जाऊन तिथलं पारंपरिक जेवण शिकायचं मनात आहे. घरचे म्हणतात, एवढा खर्च करून पास्ताच शिकणार ना? शिवाय मी शाकाहारी. निभाव लागेल?
— एक वाचक

उत्तर : घरच्यांना सांग, हो, पास्ताच. मी चाळिशी उलटल्यावर गेले होते आणि पहिले दहा दिवस नुसती लाटत होते. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं, पाण्याचा थेंब नाही. लाटणं हातभराहून लांब, खाली लाकडी फळा. लाकडावर लाटलेल्या पोळीला किंचित खरखरीतपणा येतो, रस्सा त्यालाच धरतो. जन्मभर पोळ्या लाटल्यात, यात काय अवघड, असं मला वाटलेलं. शिकवणाऱ्या बाईंनी माझी पोळी उचलून खिडकीशी धरली. तिच्यातून टेकडीवरचं सान लूकाचं देऊळ दिसलं पाहिजे, असं तिथे म्हणतात. माझ्या पोळीतून खिडकीसुद्धा दिसेना.

मग कापणं. टालियातेल्ले म्हणजे लांब चपट्या पट्ट्यांचा पास्ता. त्याची पट्टी शिजल्यावर ८ मिलिमीटर भरली पाहिजे. हे १९७२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवलंय, सोन्याच्या नमुन्यासकट. शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग म्हणे! मनोऱ्याखालून जाताना मला माझ्या वाकड्या पट्ट्या आठवून हसू यायचं. वर्ग संपला की क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत तासभर काढायचे. गिऱ्हाईक दुकानदाराशी एका चीजवरून किती वेळ हुज्जत घालतं, ते ऐकण्यातच माझं अर्धं शिक्षण झालं.

आता शाकाहाराचं. तोर्तेल्लीनी म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता. सारणात डुकराचं मांस, शिवाय प्रोश्शुत्तो आणि मोर्तादेल्ला, म्हणजे तेही डुकराचंच. उकळायचे तेही मांसाच्या सारात. रिकोत्ता हे मऊ चीज भरलेले मोठे तोर्तेल्लोनी तुला चालतील असं वाटेल, पण त्यातही पार्मिज्यानो चीज असतं आणि ते वासराच्या रेनेटनेच, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या विरजणानेच विरजतात. चव घेतल्याशिवाय स्वयंपाक शिकता येतो यावर माझा विश्वास नाही. तू कुठपर्यंत जाशील ते इथेच ठरव आणि शाळेला आधी लेखी विचार. अंडंही चालत नसेल तर बोलोन्या सोड, दक्षिण इटलीत रवा आणि पाण्याचा पास्ता करतात, तिकडे बघ.

माझ्या शाळेच्या माहितीपत्रकात 'इंग्रजीतून शिक्षण' असं छापलं होतं. बाई अखेरपर्यंत इटालियनच बोलल्या, तेव्हा सहा महिने आधी भाषा सुरू कर. कोर्स ९० दिवसांपेक्षा मोठा असेल तर विद्यार्थी व्हिसा लागतो आणि पोहोचल्यावर आठ कामकाजी दिवसांत निवास परवान्याचा अर्ज भरावा लागतो. मी सातव्या दिवशी धावले होते, हाताला पीठ तसंच.