आजी पाणी पिते का?

प्रिय सानू,

तुझ्या दप्तरातला डबा काढताना घडी घातलेली चिठ्ठी हाती लागली. "बाबा, पुस्तकातल्या मुलीचे आजोबा तारा झाले. आपण तर आजीसाठी पाण्याची घागर भरली. मग ती तारा झाली नाही का? आणि मेल्यावर तहान कशी लागते?"

तोंडी विचारलं असतंस तर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. तू लिहून विचारलंस, म्हणून लिहूनच उत्तर देतो.

लायब्ररीचं ते पुस्तक काल तू झोपल्यावर मीही वाचलं. चित्रं सुंदर आहेत, आणि आजोबांच्या रिकाम्या खुर्चीचं पान पाहून मलाही गलबललं. एक गोष्ट मात्र खटकली. त्या घरी कुणी येतच नाही. मुलगी, तिची आई आणि खिडकीतला तारा, एवढीच माणसं. आपल्या अमळनेरकडे कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, पण कुणी उपाशीही राहत नाही. भाऊबंद, शेजारी भाकरी-पिठलं घेऊन येतात आणि बळेबळे दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. पुढे दहा दिवस माणसं दारावर बसायला येतात. काही जण एक शब्दही न बोलता तासभर बसून उठून जातात. लहान असताना मला हे फार कंटाळवाणं वाटायचं. आजी गेली तेव्हा कळलं, की तसं बसणं म्हणजे काय.

तो दिवस तुला आठवतो? पोळ्यानंतरचे दिवस होते. तिकडे सकाळचे ९ आणि आपल्या टोरांटोत रात्रीचे साडेअकरा. अप्पाकाकांनी फोन धरला होता आणि मी स्वयंपाकघरात उभा राहून आजीला शेवटचं पाहिलं. मी पोहोचलो तेव्हा राख सावडूनसुद्धा झाली होती. अस्थी तेवढ्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. मुडावदजवळ पांझरा तापीला मिळते, तिथे त्या सोडल्या. पाऊस झालेला, तापी गढूळ आणि दोन्ही काठ भरून चाललेली. इतक्या लांबून आलो होतो, आणि ते काम अर्ध्या मिनिटात संपलं.

दहाव्याला माझं डोकं पाहून तू व्हिडिओ कॉलवर हसली होतीस. बरं केलंस, त्या आठवड्यात घरातलं तेवढंच हसू. त्याच सकाळी नदीकाठी पिंड ठेवून आम्ही कावळ्याची वाट पाहत होतो. पिंडाशेजारी बशीत आजीचा चहाही ठेवला होता. कावळे बाभळीवर बसलेले, खाली येईनात. आपल्याकडे म्हणतात, गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला असेल तर कावळा शिवत नाही. मग जो तो हात जोडून कबूल करत सुटतो. कुणी म्हणालं, शेत विकणार नाही. कुणी म्हणालं, धाकट्याचं लग्न लावू. तरी काही नाही. फारच उशीर झाला तर दर्भाचा कावळा करून शिववतात, भटजींनी दर्भ हातात घेतलासुद्धा होता. तेवढ्यात आत्या म्हणाली, "माय, तुझ्या नातीला अहिराणी शिकवू." आणि एक कावळा उतरला.

त्याला भूक लागली असेल, सानू. मी इंजिनियर आहे, मला तसंच वाटतं. पण कबूल केलं ते केलं. रोज रात्री मी तुला "जेवनी का वं माय?" विचारतो ना, ते त्या बाभळीखालचं देणं आहे.

आता घागर. वैशाखातल्या तिसऱ्या दिवसाला, अक्षय्य तृतीयेला, खान्देशात आखाजी म्हणतात. दिवाळीइतकाच मोठा सण. त्या दिवसांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशा उन्हात घरी येणाऱ्याला आधी काय देतात? पाणी. गेलेली माणसं आखाजीला घरी येतात असं धरलेलं आहे, म्हणून त्यांच्या नावाने कुंभाराकडची नवी घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, सांजोरी, आंबा. विस्तवावर पुरणपोळीचा घास टाकायचा आणि एकेकाचं नाव घ्यायचं. हीच आखाजी माहेरी आलेल्या मुलींचीही. निंबाला झोके बांधलेले असतात, गाणी चाललेली असतात. आत पणजोबांच्या नावाने घास पडतोय आणि बाहेर आजी, साठीची, नऊवारी खोचून झोक्यावर उभी, असं मी पाहिलेलं आहे. रडायचा आणि झोका खेळायचा दिवस वेगळा काढायला तिथे कुणाला सवड नव्हती.

आपली घागर स्टीलची होती आणि खरबूज सुपरमार्केटमधलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता, त्यामुळे तुला तहानेचं कोडं पडलं यात नवल नाही.

आजी पाणी पिते का? घागरीतलं पाणी कमी होत नाही, तू पेन्सिलने खूण करून पाहिलंस ते मला दिसलं. आजी तारा झाली की नाही, तेही मला सांगता येणार नाही. पण ती इतकी लांब, गप्प, नुसती लुकलुकत बसली असेल असं मात्र वाटत नाही. ती भांडकुदळ होती. पुस्तकातल्या आजोबांसारखी कायम गोड नव्हती. तुझ्या आईच्या भाकरीला तिने कधी चांगलं म्हटलं नाही. चहात साखर कमी पडली की कप तसाच परत पाठवायची, डॉक्टरांनी बंद केल्यावरही.

चिठ्ठीच्या मागे तू बारीक अक्षरात विचारलंयस, पुढच्या आखाजीला घागरीजवळ तू स्वतः काही ठेवलंस तर चालेल का. चालेल. चहा ठेव. कपात नको, बशीत. साखर तीन चमचे, आणि आईला सांगू नकोस.

तुझा,
बाबा