रोमहून आईवडिलांना घेऊन डोंगरावरचं जुनं गाव एका दिवसात कसं पाहावं?

आईवडील सत्तरीतले आहेत आणि रोमला परत यायचं आहे, म्हणजे ऑर्विएतो हे डोंगरावरचं गावच. अशा बहुतेक गावांना खालून मोठी चढण असते किंवा बस बदलत जावं लागतं. इथे रेल्वे स्टेशनच्या समोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोरखंडाने ओढली जाणारी डोंगरी गाडी, दोन-चार मिनिटांत वर नेते.

रोम तेर्मिनीहून साध्या रिजनल गाडीने सव्वा ते दीड तास लागतो. बोर्डावर शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, बहुधा फिरेंझे. ऑर्विएतो शोधत बसू नका, गाडीचा नंबर बघा. भाडं ठरलेलं असतं, आरक्षण लागत नाही. कागदी तिकीट मात्र चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो.

वर पोचलात की जवळच सान पात्रित्सिओची विहीर आहे. १५२७ साली रोमची लूट झाली तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्याने ती खोदवली. खोली ५३ मीटर. दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेले, एकाने उतरायचं, दुसऱ्याने चढायचं, म्हणजे पाणी वाहणाऱ्या खेचरांची समोरासमोर गाठच पडत नसे. पायऱ्या २४८, रुंद आणि बुटक्या, पण लिफ्ट नाही आणि तळाशी दमट असतं. गुडघे दुखत असतील तर हे टाळा, त्यात कमीपणा काही नाही.

कॅथेड्रलपर्यंत बस आहे. तिकीट दारात नव्हे, चौकातल्या कार्यालयात मिळतं. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, रविवारी सकाळ टाळा. दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, म्हणून सोनेरी मोझेक दुपारनंतरच उजळतात. लोक वर बघतात आणि खालचं शिल्प सोडून देतात! डावीकडच्या पहिल्या खांबावर झोपलेल्या आदमच्या कुशीतून देव बरगडी काढतोय, ते अगदी जवळून बघा. तिकीटही लागत नाही. आत सान ब्रिझिओ चॅपेलमध्ये सिन्योरेल्ली या चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत, त्यांना निदान अर्धा तास द्या.

जेवण एकच्या सुमारास उरका, अडीचनंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात. शाकाहारी असाल तर उंब्रिकेल्ली हा जाड पास्ता 'सेन्झा कार्ने' (मांसाशिवाय) म्हणून मागा; सॉसमध्ये मांस आहे का, तेही विचारा.

चिविता दी बान्योरेज्जो हे जवळचं दुसरं डोंगरावरचं गाव त्याच दिवशी जोडू नका. तिथला पादचारी पूल लांब आणि शेवटी चांगलाच चढा आहे, शिवाय ऑर्विएतोहून बसही मोजक्याच.