पाण्याचा निवाडा कोण करणार?

प्रश्न : काकाजी, पाकिस्तानशी झालेला सिंधू नदीच्या पाण्याचा करार भारताने २०२५ मध्ये स्थगित ठेवला तेव्हापासून आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींत रोज जुंपते. एक म्हणतात, हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात जा. दुसरे म्हणतात, तिथे कोण ऐकतं? दोन देशांत नदीवरून तंटा झाला तर निवाडा करतो कोण?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दोघंही थोडे बरोबर आहेत बाप्पा. करारात जो रस्ता लिहिला असेल, त्याच रस्त्याने जावं लागतं. १९६० च्या सिंधू करारात आधी दोन्ही देशांचे आयुक्त बोलतात, मग तटस्थ तज्ज्ञ, त्यानंतर लवाद. चिनाबवरच्या बगलिहार धरणाचा वाद स्विस अभियंते रेमंड लाफित यांच्याकडे गेला. २००७ मध्ये त्यांनी धरण राहू दिलं, पण भिंतीचा माथा दीड मीटर कमी करायला लावला. मी पाटबंधारे खात्यातला, म्हणून पक्षपाती असेन, पण वकिलांपेक्षा असा निकाल मला पटतो. उलट २०२५ मध्ये हेगच्या लवादाने निवाडे दिले, भारताने ते मानलेच नाहीत. हुकूम बजावायला तिथे बेलिफ नसतो.

खरी मेख मोजणीत आहे. कन्हान नदीवर मी गेज, म्हणजे पातळी मोजायची पट्टी, वाचलेली आहे. वारा सुटला की पाणी पट्टीवर दोन-तीन सेंटिमीटर वरखाली नाचतं, आणि कोणता आकडा वहीत चढवायचा हे वाचणाराच ठरवतो. एकाच काठाचा माणूस वाचत असेल तर पलीकडचा विश्वास का ठेवेल? म्हणून भारत-बांगलादेशच्या १९९६ च्या गंगा करारात पश्चिम बंगालमधला फराक्का बंधारा आणि बांगलादेशातल्या हार्डिंग पुलापाशी दोन्ही देशांची संयुक्त पथकं मोजतात. १ जानेवारी ते ३१ मे, दर दहा दिवसांचा हिशेब. फराक्क्याला ७० हजार क्युसेकपर्यंत पाणी असेल तर निम्मं-निम्मं. ७५ हजारांपर्यंत बांगलादेशला ३५ हजार, उरलेलं आपलं. त्याहून जास्त असेल तर आपल्याला ४० हजार, बाकी त्यांचं.

नागपूरला पाणी देणाऱ्या आपल्या पेंच नदीचंच बघा ना. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झालं आणि २०१९ च्या जुलैत नागपूरला दिवसाआड पाणी आलं. देश एकच, तरी कुरबूर आहेच.

गंगा कराराची ३० वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये भरते. नवा करार झाला तर तुमच्या मंडळींना सांगा, आधी त्यातला वाटपाचा तक्ता वाचा, नेत्यांची भाषणं मग.